लेकीचा अर्ज

अप्पा, आज पोरीच्या अर्जाची झेरॉक्स हाती लागली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

नवरा गेल्यावर मी इंग्लंडहून खोडाळ्याला माहेरी तुमच्याकडे परत आले, तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. जन्म तिकडचा, पण आम्हा दोघांचे तिथं राहायचे कागद तात्पुरते, म्हणून ती तिकडची नागरिक नव्हती. तिथं जन्मून पहिली दहा वर्षं तिथंच काढलेल्या मुलाची नागरिक म्हणून नोंद होते, अर्ज भारतातून केला तरी चालतो, असं तिकडच्या शेजारणीनं पत्रातून कळवलं. मी तुम्हाला बोलले नाही. पोर तुमच्या घरात रुळली होती. ती चुलीपुढं बसून नागलीची भाकरी थापते आहे, भाकरी फाटते आहे, आणि तुम्ही फाटकीच मागून घेताय, "हीच गोड लागते" म्हणत. ते बघत मी चोरून फॉर्म भरत होते.

एका दुपारी तुम्ही अचानक आत आलात. मी कागद उशीखाली सरकवला.

"जन्मभर मास्तरकी केली मी. माझ्यापासून फॉर्म लपवतेस?"

तुमचा आवाज चढला होता. मग चष्मा लावून सगळा फॉर्म दोनदा वाचलात.

"अप्पा, ती जाईल हो."

"जाईलच. पण तिच्या बापाच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. आधी ते नीट कर."

दुसऱ्या दिवशी आपण एसटीनं जव्हारला गेलो. जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, तिकडच्या शाळेचे रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या. रजिस्टर करताना पोस्टातला कारकून पत्ता वाचून म्हणाला, "गुरुजी, इंग्रजांच्या वकिलातीत काय काम काढलंत?"

"नातीचं आहे ते नातीला मिळू दे," म्हणालात. येताना मात्र घाट संपेपर्यंत तुम्ही खिडकीबाहेरच बघत राहिलात.

उत्तराला महिने लागले. तेवढ्यात तुमचा खोकला वाढला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं रोज एकच प्रश्न, "आलं का गं?" मी नाही म्हणायची. शेवटच्या दिवशीही नाहीच म्हणाले.

पोर अठराव्या वर्षी तिकडं गेली. फोन करते. तुमची आठवण काढताना अजून मराठीतच बोलते.

अप्पा, तुम्ही जायच्या आधी चार दिवस ते प्रमाणपत्र आलं होतं. मी ते तांदळाच्या कणगीत खाली दडवलं. आलं म्हटलं की तुम्ही निवांत व्हाल आणि निघून जाल, अशी भीती वाटली मला.