त्रिवेणीला बेट दाखवायचं आहे

३ नोव्हेंबर १९९६
निश्चय झाला. जानेवारीत त्रिवेणीला अंदमानच्या बेटावर नेणार. तिला बघायला गेलो तेव्हा सगळ्यांसमोर शब्द दिला होता. मुलगा काय करतो, विचारलं. म्हटलं, ट्रॅव्हल लाइनमध्ये. हैद्राबादला. काचीगुड्याला बसची तिकिटं फाडतो, हे सांगायची काय गरज? लग्नाला दीड वर्ष झालं. रोज विचारते, अहो, बेट कधी?
ऑफिसात पोस्टर आहे. पांढरी वाळू, निळं पाणी, माणूस नावाला नाही. आपल्याला तसंच पाहिजे. इथल्या हॉर्ननी डोकं उठलंय.

६ नोव्हेंबर, सकाळ
एकनाथराव शेठला रजा मागणार. आजच.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
नाही मागितली. गिऱ्हाईक फार. शिवाय मी नसलो तर नांदेडची गाडी कोण भरणार? माणूस हुशार असला की असा अडकतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
जहाजाची प्रॅक्टिस म्हणून त्रिवेणीला घेऊन हुसेन सागरात बोटीत बसलो. चक्कर आली. दांडा गच्च धरला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. बोटवाला म्हणाला, भाई, कायकू डरते, बोट अभी बंधीच है. त्रिवेणी नल्लकुंट्यात आमचं घर येईपर्यंत हसत होती. तिला समजावलं, चक्कर वासानं आली. अंदमानचं पाणी स्वच्छ असतं.

२ डिसेंबर
परेशानी. साडू आला, प्रकाशराव. सरकारी नोकरी, प्रवासाची सवलत. जानेवारीत बायकोला आणि सासूबाईंना घेऊन अंदमानला चाललाय. माझ्या बेटावर! वर म्हणतो कसा, गौतमराव, तुम्हीपण चला दोघं, तुमचं ठरता ठरता बेट बुडेल. साफ सांगितलं, मी माझ्या हिमतीवर नेणार. त्रिवेणीनं कप दाणकन ठेवला. दोन दिवस नुसता भात.

५ डिसेंबर
मोठ्या मनानं हो म्हटलं. सामान उचलायला साडू होतो.

३ जानेवारी १९९७
शेवटी रजा मागितली. शेठ म्हणाला, संक्रांतीच्या गर्दीत? येडा-हौला झाला का रे तू? नक्को म्हणजे नक्को. म्हणजे माझ्यावाचून ऑफिस चालत नाही, हे त्यानं कबूल केलं. त्रिवेणीला हेच सांगितलं. म्हणाली, मग मी जाऊ ना?

१० जानेवारी
चौघांना नामपल्ली स्टेशनवर मद्रासच्या गाडीत बसवलं. त्रिवेणी रडेल म्हणून रुमाल नेला होता. तिला खिडकी मिळाली. म्हटलं, संक्रांत झाली की विमानानं येतो. साडू म्हणाला, वरूनच हात करा.

२० जानेवारी
आज शेठला ठणकावलं. म्हणजे पाणी द्यायला गेलो तेव्हा विचारलं. लगेच म्हणाला, जा ना, महिनाभर जा, इथं काय अडतंय? माझा भाचा तेजस बसेल. हे जरा खटकलं. पण रजा मंजूर! बॅग भरली. विमान राहू दे, जहाज बरं.

२३ जानेवारी
तेजसला काम दाखवत होतो, तेवढ्यात ऑफिसात त्रिवेणीचा फोन. बेटावर फोन नाही, म्हणून पोर्ट ब्लेअरला येऊन केला. सगळे परतीचं तिकीट पुढं ढकलायला आले होते. म्हणाली, अहो, तुम्ही सांगत होता तस्संच आहे. दिवसभर नुसता समुद्र. कुणी काही बोलत नाही, कुणी काही ठरवत नाही.
म्हटलं, रजा मिळाली, उद्याच निघतो.
मग म्हणाली, नका येऊ. इथं लई शांत आहे.
माझी दगदग होऊ नये म्हणून म्हणाली असणार.
शेठला सांगितलं, जाणं कॅन्सल, कामावर येतो. तेजस माझ्या खुर्चीतून उठला नाही. शेठ म्हणाला, दिली ना रजा? मजा कर.
रजा सुरू आहे. नल्लकुंट्यात.