अमॉसचा शेवटचा रकाना

२८ डिसेंबर २०११
क्लाइव्हच्या हातून आज ओटकेकची ताटली पडली. या महिन्यातली तिसरी! म्हणाला, "कपबश्यांच्या कारखान्यात जन्म गेला बेरिल, एखादी फोडायचा हक्क आहे मला." मी हसले. मग उगाच नळ सोडून उभी राहिले.

आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी ताटल्या, मग पाय, शेवटी ती मलाही ओळखेना. डॉक्टर म्हणतात रक्तातून आलेलं असू शकतं, तपासणी करून घ्या. पण माझा हा धाकटा भाऊ ऐकेल तर शपथ!

२९ डिसेंबर
घरात सगळे म्हणत आले — कपबश्यांच्या झिलईतलं शिसं. पणजोबा जॉब, आजोबा ईनक, आई, तिघंही झिलईच्या हौदात हात बुडवून जगली आणि थरथरत गेली. १९०१ च्या खानेसुमारीत जॉब वेड्यांच्या इस्पितळात सापडला. नाव नाही, नुसती आद्याक्षरं. धंदा: झिलई. ते वाचून मला चक्क बरं वाटलं!

शिसं असेल तर ते त्यांच्याबरोबर पुरलं गेलं. रक्त असेल तर आमच्या लेकीला, केलीला चौथा महिना आहे. क्लाइव्ह झिलईखात्यात लागला तेव्हा शिसं बंद झालं होतं, हे मी मनात आणत नाही.

३१ डिसेंबर
अमॉस सापडला! जॉबचा धाकटा भाऊ. घरात हा एकटाच कारखान्याची पायरी चढला नाही — लीक गावात बेकरी काढली. १९११ च्या खानेसुमारीचा कागद त्याने स्वतः भरलाय. वय त्रेचाळीस, पाच मुलं, पाचही जिवंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आमच्या रॉयच्याही वरताण. रॉयला दाखवलं तर नवरोबा खूश.

शेवटचा रकाना मात्र झाकलेला. घरात कोणाला काय व्यंग, ते त्यात. शंभर वर्षं गुपित ठेवलेलं, तीन तारखेला उघडणार. अमॉस धडधाकट निघाला तर शिसंच. मग केलीला काही सांगायलाच नको.

१ जानेवारी २०१२
भीती वाटते. दुसरं काही नाही लिहायला.

३ जानेवारी
वाचनालय उघडायच्या आधीच दारात उभी होते. रकाना उघडला. अमॉसने लिहिलंय — "हात कापतात. आमच्या जॉबसारखेच."

त्यावर कुणा कारकुनाची लाल रेघ. विचारलं होतं आंधळा, बहिरा की वेडा. हात कापणं त्यात बसत नव्हतं.

पाव भाजणारा माणूस! त्याच्याकडे शिसं कुठून येणार?

टेबलामागच्या टनिक्लिफबाईंनी विचारलं, तुमचा माणूस मिळाला का. मिळाला म्हटलं. बाहेर आले तर कोट आतच राहिलेला.

५ जानेवारी
केलीला सांगायला हवं. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. रॉय म्हणतो, निदान परवाचा वाढदिवस तरी होऊ दे पोरीचा. तेही खरं. कार्ड लिहिलं, दोनच ओळी, आणि पेटीत टाकून आले.

७ जानेवारी
केलीचा फोन. कार्ड फार आवडलं. म्हणाली, "पण आई, लिहायला बाबांना कशाला बसवलंस? तुझं अक्षर किती सुरेख."

मीच लिहिलं होतं.