कापूस वेचणाऱ्या बाईचा खांदा

जळगाव, १४ डिसेंबर १९९८

सिद्ध करावयाचे ते एवढेच: माझ्या सुनेला, मीनलला, तिची विद्या माझ्यापेक्षा अधिक कळते.

शिरपूरच्या शेतकऱ्यांना कापूसवेचणी शिकवणारे चलच्चित्र ती संगणकावर करीत आहे. तेथील शेतकऱ्यांचे पुढारी आबा आज आमच्याकडे येऊन, नमुना पाहून काम तिला द्यावयाचे की नाही, हे ठरवणार होते. वेचणाऱ्या बाईचे व्हेक्टर, म्हणजे संगणकी रेषाकृतींचे, चित्र तिने सुट्या अवयवांत काढले होते. ते ॲनिमेशनच्या प्रोग्रामात आणले की एकेक अवयव हलवता येतो. हाताचे वरचे टोक मात्र खांद्यापाशी धडाखाली शिरलेले मला दिसले.

"विभाग परस्परव्यावर्तक हवेत. एकाची हद्द दुसऱ्यात शिरता कामा नये," मी म्हणालो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. आवाज तसाच लागला असावा. तिने हात खांद्याच्या रेषेवर नेमका कापला आणि चित्र पुन्हा प्रोग्रामात घेतले. बाईने हात उचलताच खांद्यात भगदाड पडले.

"नाना, नियम शाबूत आहे, पण बाईचा हात निखळला."

मग टोक गोल करून तिने ते पुन्हा धडाखाली सरकवले. खांदा अलगद वळला. किती साधे, आणि मला का सुचू नये?

आबांनी दोनदा पाहिले. "हाई ते आमनीच बाई शे," ही तर आमचीच बाई, असे अहिराणीत म्हणाले आणि काम तिलाच दिले. त्या वेळी मी तिच्याकडे पाहिले. बोललो मात्र काहीच नाही. उद्या बोलावे का? बोललेच पाहिजे.

तिचे पहिले चित्रच बरोबर होते. वर्गातला नियम मी सांध्याला लावला, ही माझी चूक.

— नाना