बगळ्याची मान

प्रिय आई,

हे पत्र वन्सं वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच सांगते. वन्सं, सावकाश वाचा, मधलं काही गाळू नका आणि माझ्या अक्षराला नावं ठेवू नका.

आई, तुम्ही लेकीकडे गेल्यापासून घर नुसतं खायला उठलंय. तुमचे चिरंजीव जेवताना तुमच्या खुर्चीकडे बघतात आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर घसरतात. मीठ बरोबर असतं हो.

आज कामाच्या टेबलाशी बसले आणि घुबड आठवलं. तुमची नजर गेली तेव्हा तुम्ही शिवणयंत्रावर चादर घातलीत आणि बटणांचा डबा माझ्यापुढे सरकवलात, आता तूच काय ते कर म्हणून. मला तर धड टाकाही घालता येत नव्हता! तुमचं मन रमावं म्हणून मी आपली बटणं तारेत ओवून घुबड केलं. तुम्ही त्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, कोंबडी झकास जमलीय. असा राग आला होता मला! पण तुमची पाठ वळल्यावर मीच डोळे मिटून चाचपून पाहिलं, तर खरंच कोंबडी. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. झिपांची गोगलगाय, कंगव्यांचं साळिंदर, कपड्यांच्या चिमट्यांचा मासा, सगळे तुमच्या बोटांखालून पास होऊन गेले. मासा हातात घेऊन तुम्ही नुसतं, हा निसटेल हं, एवढंच म्हणालात, तर मी दिवसभर हवेत होते. लोक मला कलाकार म्हणायला लागले, तुम्ही मात्र भंगारवालीच म्हणत राहिलात. फार बरं केलंत, नाहीतर मी कधीच शेफारले असते.

आणि मग तो बगळा. छत्रीच्या काड्यांचे पाय, ऑफिसच्या कँटीनमधून तुमच्या चिरंजीवांनी गोळा करून आणलेल्या पांढऱ्या चमच्यांची पिसं, जुन्या टेबललॅम्पची वळणारी मान, आणि चोचीला तुमची कापड कापायची कात्री. फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ केला होता मी त्याला. प्रदर्शनाला न्यायचा म्हणून दाराजवळ आणून ठेवला आणि दुपारी तुमचा धक्का लागून तो कोसळला.

आई, त्या वेळी मी गप्प झाले ना, ते बगळ्यासाठी नव्हे हो. ती कात्री उघडी होऊन तुमच्या पावलाच्या अगदी शेजारी पडली होती. तुम्ही एक पाऊल टाकलं असतंत तर? माझी वाचाच बसली. तुम्ही माणसाची चाहूल आवाजावरून घेता, आणि नेमकी तेव्हाच मी मुकी झाले. तुम्हाला वाटलं, सून रागावली. माझी अडगळ होते म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी वन्संना बोलावून बॅग भरलीत. मी तुमच्या बॅगेत स्वेटर ठेवत राहिले आणि एवढी साधी गोष्ट मला बोलता आली नाही. अडगळ कसली? तुमचे हात नसते तर मी आजवर कोंबड्याच करत बसले असते.

आता पत्राचं खरं कारण. परवा प्रदर्शनवाल्या बाई आल्या. मी बगळा नुसता उचलून उभा केला होता, मान पडताना वाकली तशीच. पाण्यात मासा दिसावा आणि श्वास रोखून बघत राहावं, तसा दिसत होता. बाई म्हणाल्या, असाच द्या. मी म्हटलं, थांबा, घरच्या परीक्षकांनी अजून पाहिलेला नाही. आणि त्याच्याभोवती दोरी बांधायची नाही, ज्याला हात लावायचाय त्याला लावू द्यायचा, हेही कबूल करून घेतलं.

रविवारी तुमचे चिरंजीव गाडी घेऊन येतील. तुमच्या पलंगापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी केलीय, माझं सगळं भंगार माळ्यावर गेलं. दारातून आत आलात की उजव्या हाताला फक्त तो लागेल. कात्री आता घट्ट बांधलीय. मानेवरून हात फिरवा आणि सांगा, सरळ करू की राहू दे? तुम्ही सांगेपर्यंत तो घराबाहेर जाणार नाही. त्यानंतर तो जाईल, तुम्ही मात्र जायचं नाही. वन्सं, हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा.

तुमचीच,
भंगारवाली