आपल्या विळ्याला होल नसतो

सातपूर, नाशिक
६ जानेवारी २००२

ती. छायाताईस,
समाधानचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो. तू म्हणशील, पठ्ठ्याने पुन्हा काम सोडलं. नाही सोडलं! एक महिना आणि चार दिवस एकाच ठिकाणी आहे. मलाच धक्का बसलाय, तुझं काय घेऊन बसलीस. हॉटेलात अकरा दिवस, ट्रकवर तीन आठवडे, मग त्र्यंबकला फोटोवाला. तो फोटोवाला बरा होता, त्याच्याकडे पोपट होता, गिऱ्हाइकाला मान वर करायला तोच सांगायचा. पण मी कामाचं सांगत होतो.

पत्र्याची शेड आहे. आम्ही बारा माणसं, तेरावा शेठ, तोही बनियनवर प्रेसला बसतो. मी ड्रिलवर. हातभर लोखंडी पट्टी येते, तिच्या शेपटाकडे दोन होल मारायचे की पुढे ढकलायची. पट्टी कशाची म्हणशील तर ठाऊक नाही. कुणी म्हणतं खिडकीची, कुणी म्हणतं कूलरची. इथून ती टेम्पोत बसून दुसऱ्या शेडला जाते, तिकडे तिचं काय होतं ते कुणी विचारत नाही. पट्टी धरायचा साचा झिजलाय, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून ती बसवतो. पहिला होल बरोबर पडतो, दुसरा जरा कडेला सरकतो. मिस्त्रीला दाखवलं, तर चालतंय म्हणाला, ढीग वाढव. मग वाढवतोय. दिवसाला तीनशे कुठे गेल्या नाहीत.

बाकी इथली हालत बेकार. मोठ्या कंपन्यांनी माणसं घरी बसवलीत. आमच्या कोपऱ्यावरच्या कंपनीत एक सुपरवायझर होता, तो आता त्याच गेटसमोर कंपनीच्याच शर्टात भजी तळतो. पण ताई, भजी काय करतो! कांदा सगळा एका मापाचा, तेल रोज नवं. शेठने शेडभर ताकीद दिलीय की खायचं तर त्याच्याकडेच. बुडत्या दिवसात आपणच एकमेकांकडे जायचं नाही तर कोण येणार, असं म्हणतो. माणूस बरा आहे.

बाबांची भट्टी जोरात असेल ना? नवसामावशीच्या कांदा काढणाऱ्या टोळीचे विळे झाले का? आईला नमस्कार. तुझा राग विझू दे, लोभ तेवढा पेटता ठेव.

तुझा,
समाधान


नामपूर
१७ जानेवारी २००२

चि. समाधानास,
छायाचे अ. आ.

एक महिना एका जागी! आईने साखर तेवढी वाटली नाही. अंगणवाडीतल्या पोरांनासुद्धा मी सांगितलं की माझा भाऊ बसायला शिकला.

पण इकडचं बरं नाही. रांगडा कांदा काढायला येण्याआधी दरवर्षी नवसामावशी टोळीच्या तीस बायांना घेऊन आपल्या दारात यायची, तुला माहीतच आहे. बाबा एकेकीचा पंजा बघून मूठ घासणार, डावखुरीचे दाते उलटे काढणार, आणि बाया त्यांच्या टोपीवरून त्यांची टर उडवणार. यंदा चौघी आल्या. बाजारात लाल मुठीचे मशीनचे विळे आलेत, आपल्या निम्म्या किमतीत. कांद्याला भाव नाही, बायांची मजुरी कमी झाली, त्यांना तरी कोणत्या तोंडाने बोलणार? मावशी मुकादम असून तिनेही लाल मूठच घेतली. बाबांना रस्त्यात दिसली तर पदर पुढे ओढून गेली.

बाबा आठ दिवस ऐरणीपुढे नुसते बसून होते. नवव्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले की मालेगावच्या भंगारवाल्याला ऐरण देतो म्हणून सांगितलंय, एक तारखेला गाडी येईल. आजोबांची ऐरण, समाधान! दसऱ्याला जिला आपण हळदकुंकू वाहतो ती. माझ्या हातातून कपबशी पडली. आई तर उठून गोठ्यात गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही.

आणि त्यावर हे. मंगळवारी पात कापता कापता मावशीच्या लाल विळ्याची मूठ मधोमध फुटली आणि पातं तिच्या उजव्या तळव्यात गेलं. सात टाके पडले. दोन बोटं अजून वळत नाहीत. ज्या हातावर तीस बायांची टोळी चालते तो हात! बाबा तिला बघायला गेले आणि तो विळाच घेऊन आले. बराच वेळ उलटासुलटा केला. म्हणाले, लाकूड चांगलं होतं, पण दुसरी खीळ कडेला गेलीय, तिनेच मूठ चिरली. आपल्या विळ्याला होल नसतो. शेपूट लाल करून लाकडात ठोकलं की पातं झिजून संपतं, मूठ सुटत नाही.

तो विळा भिकनच्या हाती पाठवते, तो भाजीची गाडी घेऊन नाशिकला येतोच. तू कारखान्यांच्या गावात आहेस. हे कोण बनवतं ते शोध आणि त्याला म्हणावं, बाईच्या हाताकडे एकदा बघून जा.

जेवत जा. माया आहे ती आहेच, पत्राने तिला वारा घालत जा.

तुझी ताई,
छाया


सातपूर
२४ जानेवारी २००२

ती. छायाताईस,
सा. न. वि. वि.

भिकनने विळा दिला तेव्हा मी भज्यांच्या गाडीवर उभा होतो. कागद सोडला. भिकन काही तरी सांगत होता, त्याच्या मेव्हण्याने मोटारसायकल घेतली की विकली असं काही. मला ऐकू येणं बंद झालं.

ताई, ती पट्टी माझी आहे.

मी मानलं नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी शेडवर गेलो, ढिगातली पट्टी घेतली आणि विळ्याच्या शेपटावर ठेवली. पहिला होल होलावर. दुसराही होलावर, तेवढाच कडेला सरकलेला. दुसरी घेतली, तेच. दहा घेतल्या. लोहाराचा पोरगा मी, विळ्याचं पातं सरळ असताना मला ओळखू आलं नाही. पुढच्या शेडला ते वाकवतात, दाते काढतात, मूठ बसवून लाल रंग देतात. मी महिनाभर बाबांची भट्टी विझवायचं काम करत होतो आणि तुला फुशारकीने लिहीत होतो. आणि मावशीचा हात. मी लहान होतो तेव्हा ती मला त्याच हाताने गूळ द्यायची.

मला माहीत होतं होल चुकतोय. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेठला सांगायला दोनदा गेलो आणि दोनदा पाणी पिऊन परत आलो. ह्या एका ऑर्डरवर बारा घरं चाललीत. आमच्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला आलीय. सांगितलं आणि ऑर्डर गेली तर? शेठ काही वाईट नाही गं. तोही लहानच माणूस. लहान माणसाने लहान माणसाच्या हातात हे दिलंय, मधे मी.

ट्यूबचा तुकडा काढून फेकला. त्याने काय होतंय, गेलेल्या पट्ट्या थोड्याच परत येणार आहेत.

बाबांना कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत. म्हणून सांगतो, हे पत्र तू एकटीच वाच आणि चुलीत घाल.

लोभ राहिला असेल तर असू दे, मागायला तोंड नाही.

समाधान


नामपूर
२ फेब्रुवारी २००२

चि. समाधानास,
अ. आ.

एकटीच वाच हे तू पत्राच्या शेवटी लिहितोस? सुरुवातीला लिहायला हात मोडला होता का तुझा? आपल्याकडे पत्र कसं वाचतात ते विसरलास?

पत्र कालच आलं, नेमकं एक तारखेला. अंगणात भंगारवाल्याची गाडी उभी. ऐरण ठोकळ्यावरून उतरवून दाराशी आणलेली. ती जाताना बघायला टोळीच्या बाया आलेल्या, नवसामावशीही, हात गळ्यात अडकवलेला. पोस्टमनने पत्र दिलं तसं बाबा म्हणाले, पोराचं आहे, वाच मोठ्याने, आज काही तरी चांगलं कानावर पडू दे. मी वाचायला लागले. मेव्हण्याच्या मोटारसायकलीवर बाया हसल्यासुद्धा. पुढची ओळ डोळ्यांना दिसायच्या आत तोंडातून निघून गेली होती. मी थांबले, तर बाबांनी हाताने खूण केली की पुढे वाच. शेवटपर्यंत वाचायला लावलं.

भंगारवाल्याने तंबाखू मळायची थांबवली. मग मावशी उठली, चालत आली आणि ऐरणीवर बसली. बसली, समाधान! जिला चुकून पाय लागला तर आपण डोक्याला हात लावतो, तिच्यावर ती नऊवारी सावरून मांडी ठोकून बसली. बाबा टोपी काढून नुसते उभे. मावशी भंगारवाल्याला म्हणाली की बाबा रे, ऐरण न्यायची तर माझ्यासकट उचल. मग बाबांना म्हणाली, सावळीराम, चूक एकट्या तुझ्या पोराची नाही, स्वस्त बघून आधी मीच तुझ्या दारावरून पुढे गेले. आता तीसच्या तीस विळे तूच करायचे, आणि ते झाल्याशिवाय मी इथून उठत नाही. भंगारवाल्याने एकदा बायांकडे बघितलं, एकदा मावशीच्या वजनाकडे, आणि गाडी वळवली. जाताना बाबांना म्हणाला की दिलेला शब्द मीच परत करतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

संध्याकाळी बाबांनी ऐरण धुतली, पूजा केली, भट्टी पेटवली. मग आज सकाळी मला लिहायला बसवलं. तुला निरोप असा: शेठला तोंडाने सांग. लपवलंस तर ह्या घरात येऊ नकोस. सोबत भिकनच्या हाती एक तुकडा धाडतोय, रात्रभर घासलाय, मापं टोळीतल्या दुसऱ्या लाल विळ्याच्या शेपटावरून घेतलीत. तो साच्यात घातला की पट्टी हलणार नाही, शेठची ऑर्डर जायचं कारण नाही. आणि गेलेल्या पट्ट्या तू शोधायच्या. गावोगाव फिरायची हौस आहे ना, मग फिर.

एवढं सांगून झाल्यावर मला विचारलं की पोराने ट्यूब स्वतःहून काढली असं लिहिलंय ना, तेवढं पुन्हा वाच.

काळजी घे. रागावलेय, तरी लोभात खोट नाही.

तुझी ताई,
छाया


सटाणा
१६ फेब्रुवारी २००२

ती. छायाताईस,
आणि ती. बाबांस, आईस, सा. न. वि. वि.

शेठला सांगितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. प्रेसच्या पाटावर बसला आणि दोन्ही हात डोक्यावर. मला वाटलं आता हाकलतो. त्याने मिस्त्रीला हाक मारली, बाबांचा तुकडा साच्यात घालून स्वतः पन्नास होल मारले आणि एकेक मोजून बघितला. मग हा कुणी घासला म्हणून विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं. पुढच्या शेडमधून माल कुठल्या कुठल्या बाजारात गेला त्याची यादी त्याने आणून दिली, हातड्रिल दिलं, खिळ्यांचा डबा दिला. फिरशील तोवर तू माझ्याच कामावर आहेस, म्हणाला. मिस्त्री अजून बोलत नाही.

तर आज सटाण्याचा बाजार. मिरचीवाल्याच्या शेजारी बसलो. मिरचीची किती जातींची नावं असतात तुला सांगितलं तर... ते नंतर. लाल मुठीचा विळा आणा म्हणून ओरडत होतो, लोकांना वाटलं मी विकतोय. शेवटी सुलाबाई म्हणून एक आली. होल दाखवला. कुणी केला म्हणाली, मी म्हटलं, मीच. ताई, अख्खा बाजार थांबला एवढ्या शिव्या दिल्या. माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यात बाबाही आले, माफी असावी. मग विळा माझ्या हातात आपटला आणि राखण करायला समोर बसली. मी जुना होल लाकडाने बुजवला, मधोमध नवा मारला, वर बाबांनी मागाहून धाडलेल्या लोखंडी कड्यांतली एक चढवली. तोवर बाईने माझ्या पिशवीतला, त्या कड्यांसोबत आलेला बाबांचा विळा काढून शेजारणीची मेथीची जुडी न विचारता कापली, आणि तो परत द्यायला तयार होईना. तिने मग बायाच आणल्या. दुपारपर्यंत चाळीस विळे नीट केले, आणि बाबांच्या विळ्यासाठी चौदा जणींनी नावं नोंदवलीत, यादी सोबत आहे. कोळसा भरून ठेवा म्हणावं.

मी खुशीत आवराआवर करत होतो. तेवढ्यात एक पोरसवदा सून आली. हातात लाल मुठीचा विळा, मूठ मधोमध फुटलेली, अगदी मावशीच्या विळ्यासारखी. हा तिच्या सासूचा, कुसाबाईचा. नीट करून मिळेल का, म्हणाली. मी विचारलं, सासूबाई कुठे आहेत. तर म्हणाली, घरीच, पंधरा दिवस झाले, हात सुजलाय, डॉक्टरकडे नेलं नाही, कांदा काढणी चालू आहे ना.

ताई, मावशी एकटी असेल असं मी धरून चाललो होतो. कशावरून धरलं?

उद्याचा बाजार नाही करत. डोंगराकडे तीन कोसांवर त्यांची वाडी आहे, पहाटेच निघतो. इथल्या भाजीच्या जीपवाल्याला बोलून ठेवलंय, तो कुसाबाईला सरकारी दवाखान्यात नेईल, मी बरोबर जाईन. फुटका विळा पिशवीत ठेवलाय. तो नीट करून न्यायचा होता, पण तिने तो आधी जसा आहे तसा बघायला हवा.

तुमचा लोभ वाटेत लागेल, जपून ठेवा.

तुमचा,
समाधान