पात्यापुढचा हात

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला, बरं वाटलं. मी मजेत आहे, म्हणजे मैत्रिणीच्या माळ्यावर आहे.

छापचित्रांच्या वर्गाला जाते, हे तुला कळवलं होतंच. लिनोच्या, म्हणजे जाड रबरासारख्या, तुकड्यावर कोरणीने चित्र कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद दाबायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी दटावलं, "दुसरा हात कायम पात्याच्या मागे. पुढे आला की गेला."

पहिलं चित्र स्वतःच्या चेहऱ्याचं. मैत्रिणीने काढलेला फोटो समोर ठेवला. त्यात डावा डोळा सुजलेला होता, तोही इमानदारीत कोरला. तो डोळा तूही पाहिलास. मी कपाटाचं दार लागलं म्हणाले आणि तू चहा ढवळत राहिलास.

पण छाप उलटा उमटतो, हे मी विसरले. सूज उजव्या डोळ्यावर गेली.

घरी तुझ्या मेहुण्यांनी चित्र पाहिलं. नकाशे तपासण्यात जन्म गेला त्यांचा, चूक खपत नाही. म्हणाले, "धादांत खोटं. उजव्या डोळ्याला मी कधी हात लावलाय?"

"छपाईतली चूक आहे," मी म्हटलं.

"मग करू की दुरुस्त."

केली. मुठीनं. मग डोकं भिंतीवर आपटलं, मानगूट धरून टेबलावर दाबलं. टेबलावर माझं कोरणकाम होतं. कोरणी हाती आली. पुढचा ठोसा येताना मी ती उभी धरली आणि त्यांनी ती हिसकावायला पंजा पुढे केला. मी मागे घेतली नाही. लिनोपेक्षा तळहात मऊ असतो, हे वर्गात शिकवत नाहीत. त्या दिवशी रूळ न फिरवताच छाप उमटला, सगळ्या टेबलभर.

तू लिहितोस, एका हाताने टाळी वाजत नाही, जाऊन माफी माग. वाजते रे. दुसऱ्या हाताच्या जागी माझा गाल असायचा.

आधीच्या माराचा डावा डोळा मी पोलिसांना सांगितला, तर आता ते त्यांना तेच चित्र दाखवतात: बघा, हिला कोणता डोळा हेही आठवत नाही, खोटारडी आहे, उगाच अंगावर आली. फोटो त्यांनी जाळला. पोलीस तुझ्याकडे येतील. तू कपाटाचं दार म्हणालास, तर मला तुरुंग.

चित्रावर जाऊ नकोस. तू पाहिलेला डोळा सांग.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली (सध्या एकच, उजवा अजून उघडत नाही),

तुझी धाकटी