काचेवरचे पांढरे धागे

१२ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

निघताना दारात तू सगळ्यांना बजावून गेलीस, "मला कोणी फोन करू नका." पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून ही पळवाट. तुझ्या ताईचा पत्ता मला पाठ आहे. तिचे चष्मे दरवेळी मीच पोस्टाने पाठवतो ना! नवा चष्मा नीट बसतोय का, तेही विचार तिला.

इकडे सगळे मजेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात आणि त्यांच्यामागून त्या. चिरंजीव ऑफिसला जातात, येतात, जेवतात, झोपतात. मी दुकानात. नवीन मुलगी ठेवली आहे गिऱ्हाइकांशी गोड बोलायला, कारण मी बोललो की माणसं जातात म्हणे. काचा घासणं आणि फ्रेम बसवणं मात्र अजून मीच करतो.

तर पत्रास कारण, तुझी माशांची टाकी. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. निळ्या पट्टीचे मासे हुंदडतात, लाल कोळंब्या झाडाझुडपांत शिरून बसतात, आणि तुझी ती गोगलगाय, मुकादम, रोज चारही भिंतींवर फेरी मारून कामाची पाहणी करते. पण काचेवर काहीतरी आलं आहे. बारीक पांढरे धागे. शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे चिकटावेत तसे. खडीतही काहीतरी वळवळतं आणि पाण्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत असतात.

आता तू मला ओळखतेस. काचेवर डाग दिसला की माझा हात थांबत नाही. जन्मभर तेच केलं. मी आपलं दुकानातलं पातं आणलं आणि काच अशी लख्ख खरवडली की मासे बिचकून पलीकडे गेले. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, चष्मा नाहीये तो!" मी लक्ष दिलं नाही. आठवडा गेला आणि काय बघतो, पूर्वी होते त्याच्या दुप्पट-तिप्पट धागे! मी पुन्हा खरवडले. ते पुन्हा वाढले. माझ्या नाकी नऊ आलेत. बाय द वे, वाकून बघायचं म्हटलं की माझा चष्मा टाकीत पडायला येतो. चिरंजीवांचंही तेच. आम्हा बापलेकांची नाकं म्हणजे नुसती घसरगुंडी. तुझ्यासारखं दांडा असलेलं नाक आमच्या घराण्यात कधी नव्हतंच. तू आलीस तेव्हा मी हिला म्हटलं होतं, चला, या घरात निदान एक चष्मा तरी जागेवर राहील.

तर काय करायचं ते कळव. तू शाळेत मुलांना हेच शिकवतेस, तुला माहीत असणार. टाकीपुरत्या दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझे,
बाबा

२ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. खरंच दोनच ओळी लिहिल्यास! "घासू नका, तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचा नवा होतो. आधी नीट बघा कोण आहे ते, आणि खाणं किती टाकता ते कळवा." तुझी सही बघून तुझ्या सासूबाईंनी कार्ड माझ्या हातातून ओढूनच घेतलं. दोन ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "अक्षर बरं आहे तिचं. हात थरथरत नाहीये." कार्ड आता फ्रिजवर आहे.

म्हणजे माझ्या स्वच्छतेने मीच त्यांची शेती केली तर! धन्य आहे. पातं दुकानात परत ठेवलं.

मग तू सांगितलंस तसं भिंग लावून बसलो. हे मात्र माझं काम. धाग्याचं एक टोक काचेला घट्ट, दुसऱ्या टोकाला केसासारखे पाच-सहा हात, पाण्यात पसरलेले. काडी लावली की सगळं आकसून एवढासा गोळा. थोड्या वेळाने हळूच पुन्हा हात बाहेर. काडी बाजूला ठेवून कितीतरी वेळ बघत बसलो मी. खडीतले निघाले साधे बारीक किडे; तिकोनी डोक्याचे घातक असतात म्हणे, तसा एकही दिसला नाही. उड्या मारणारे ठिपके तर मासेच गिळतात.

शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात जाऊन वर्णन केलं. तो म्हणाला, "काका, धागेवाला तो हायड्रा. बाकीच्यांना सोडा, ते निरुपद्रवी आहेत, उरलंसुरलं खाऊन जगतात. हायड्राही मोठ्यांना काही करत नाही, फक्त" असो. तो पुष्कळ बोलतो.

त्याने कुत्र्यांच्या जंतावरची पावडर दिली आहे. चिमूटभर टाकली की हायड्रा खलास. मग माझ्या सुदैवाने त्याला आठवलं आणि त्याने विचारलं, "गोगलगाय नाही ना टाकीत?" म्हणजे मुकादमही खलास. बादलीत हलवला तरी उपयोग नाही म्हणे, औषध खडीत मुरून बसतं, पुन्हा सोडला की जायचाच.

चिरंजीव हट्टाला पेटलेत. "बाबा, ती यायच्या आत टाकी स्वच्छ पाहिजे. गोगलगाय दुसरी आणू." मी पुडी दुकानाच्या गल्ल्यात कुलूप लावून ठेवली. दुसरी आणू म्हणे! माझा आवाज चढला, त्याचाही चढला, तुझ्या सासूबाई मध्ये पडल्या. हल्ली आमच्या घरात आवाज चढतो तो फक्त टाकीवरून.

खाण्याचं विचारतेस, तर सकाळी एकदा, एक चिमूट. शपथेवर सांगतो. त्याहून जास्त कोणी टाकत नाही.

औषध टाकू का, ते तूच सांग. तू म्हणशील तसं. तोवर डोळ्यांत थेंब घालायच्या ड्रॉपरने एकेक अख्खा ओढून बाहेर काढतोय. तुटू न देता. जमतंय.

तुझे,
बाबा

२१ मार्च

पोरी,

तुझं दुसरं कार्ड आलं. "औषध नको. मुकादमाला सांभाळा. एक चिमूट खाण्याने हायड्रा एवढा वाढत नाही, घरात नीट विचारा." तू तिकडे बसून आमची चोरी पकडलीस. सांगतो.

परवा मी भिंग घरी विसरलो म्हणून दुकानातून परत आलो. दार उघडंच होतं. तुझ्या सासूबाई टाकीसमोर स्टुलावर बसून खाण्याची डबी हलवत होत्या, आणि माशांना म्हणत होत्या, "खा रे बाबांनो, ती नाही म्हणून उपाशी नका राहू." चिमूट कसली, मूठच होती ती. मी दारातूनच ओरडलो, "अगं, मी सकाळी घातलं होतं!" त्या अशा दचकल्या की झाकण टाकीत पडलं. "तुम्ही कशाला घालता? तुमच्या लक्षात राहत नाही म्हणून तर मी घालते!" आमची जुंपली. संध्याकाळी मुद्दाम चिरंजीवांवर पाळत ठेवली. साहेब आले, बूटही न काढता टाकीपाशी, खिशातून वेगळीच डबी काढली. महागाची, परदेशी. "तुम्ही दोघं विसरत असाल असं वाटलं मला," म्हणे.

तिघांच्या तीन डब्या आणि तिघेही एकमेकांपासून लपून! त्या उरलेल्या खाण्यावर ठिपके वाढले, ठिपके खाऊन हायड्रा वाढला. डब्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि आधी चिरंजीव हसायला लागला, मग मी. तुझ्या सासूबाई हसल्या नाहीत. डब्यांकडे बघत म्हणाल्या, "तिच्याशीही आपण हेच केलं."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "तिने याच टेबलावर विचारलं होतं, कोणी बघितलं का माझ्या लेकीला, कशी होती. आणि मी तिच्या ताटात वाढत सुटले." चिरंजीव म्हणाला, "मी तिच्या भरलेल्या ग्लासात पाणी ओतत होतो."

मी मीठ मागितलं होतं. तुझ्या लक्षात असेल.

तू त्या रात्री बॅग भरलीस. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही तिघांनी तुला एक क्षण सुटी दिली नव्हती. दूध घे, फळ घे, झोप, ऊठ, दार उघडं ठेव. सगळं दिलं, तू मागितलंस तेवढं सोडून.

पोरी, मागच्या पत्रात मी "असो" लिहिलं. मासेवाला म्हणाला होता, हायड्रा मोठ्यांना काही करत नाही, फक्त कोळंबीच्या पिल्लांना धरतो. पिल्लं हा शब्द तुला लिहायचं धाडस झालं नाही माझं. अशाच "असो"वर आमचं घर चाललं होतं.

त्या दिवशी टेबलावर मी दोघांना सांगितलं, "मी बघितलं होतं तिला."

दवाखान्यात तू गुंगीत होतीस. चिरंजीव तुझ्याजवळ बसला होता. नर्सने बाहेर येऊन विचारलं, कोणाला बघायचंय का. तुझ्या सासूबाईंनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी उठलो. का उठलो, माहीत नाही. कोणीतरी जायला हवं असं वाटलं. बाहेर आलो तेव्हा सगळे म्हणत होते, तिला काही सांगू नका, विसरेल हळूहळू. मीही मूग गिळून बसलो. तुला जपतोय असंच वाटत होतं मला. पण तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं.

चिरंजीवाने विचारलं, "कशी होती, बाबा?" त्याला सांगितलं तेच खाली लिहितो आहे. आज वाचायचं नसेल तर इथेच घडी घाल. फाडू मात्र नकोस. कधी वाटलं तर असू दे जवळ.

लहान होती, पण सगळं जिथल्या तिथे होतं. पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळली होती. नर्सने कड बाजूला केली. डोक्यावर काळं जावळ, ओलं. वरचा ओठ तुझा, अगदी तुझा, मधोमध थोडा उचललेला. एक हात बाहेर होता, मी माझं बोट त्याच्याखाली धरलं. नखंसुद्धा आली होती गं. पूर्ण. डोळे मिटलेले, त्यामुळे रंग नाही सांगू शकत. आणि नाक. मी किती हजार नाकांवर चष्मे बसवले, नाक बघणं हाच माझा धंदा. तिच्या नाकाला दांडा होता. तुझा. तिचा चष्मा कधी घसरला नसता.

मी नर्सला म्हणालो, अजून थोडा वेळ थांबू? ती हो म्हणाली. चांगली बाई होती. मी थांबलो. ती एकटी नव्हती, हे तुला कळायला हवं.

हे ऐकून चिरंजीव टेबलावर डोकं ठेवून रडला. तोवर रडला नव्हता तो, तुला माहीत आहे. तुझ्या सासूबाईंनी त्याच्या ताटात काही वाढलं नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

आता दोन डब्या फेकून दिल्या आहेत. एकच माणूस, एकच चिमूट. खडीतला गाळ मी नळीने उपसून घेतो, थोडं थोडं पाणी बदलतो. हायड्रा पुष्कळ कमी झालाय. चार-दोन आहेत अजून, असतील. काल मुकादमाच्या मागे गवतात बघतो तर कोळंबीची दोन पिल्लं. पापणीच्या केसाएवढी. भिंगाशिवाय दिसत नाहीत. हे लिहू की नको असं झालं होतं, पण आता ठरवलंय, तुझ्यापासून काही लपवायचं नाही.

परत ये म्हणायला हे पत्र नाही. मनात ते आहे, खोटं कशाला बोलू, तिघांच्याही मनात आहे. पण तुला वाटेल तेव्हा ये, वाटेल तितकं राहा तिकडे. फोन आम्ही करणार नाही. तुला आणखी काही विचारायचं असेल, तिच्या हाताबद्दल, जावळाबद्दल, कशाबद्दलही, तर विचार. आठवेल तेवढं सांगेन. मीठ मागणार नाही.

तुझे बाबा,
आणि तिचा आजोबा